मिस मार्पल, सेंट मेरी मीड आणि आमची वाडी (खुनी कोण ते कृपया फोडू नका)

सुपारीचं_आगर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

झालं असं की जूनमध्ये आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. टीव्ही कमी, वाचन बंद, आणि बाहेर आमच्या कोकणातला पाऊस. आई एरवी दिवसभर आगरात नाहीतर पडवीत असणारी बाई, ती नुसती बसून कंटाळली. मग मी माझ्या किंडलवरचं अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' काढलं आणि रात्री जेवणं झाली की तिला वाचून दाखवायला लागले. म्हणजे वाचायचं इंग्रजीत मनातल्या मनात आणि सांगायचं मराठीत. व्हिकर म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू, व्हिकरेज म्हणजे त्याचं राहतं घर, एवढं एकदा सांगितलं आणि पुढे तिला काहीच अडलं नाही.

कारण सेंट मेरी मीड हे गाव तिच्या ओळखीचंच निघालं! कर्नल प्रोथेरो नावाचा एक तिरसट माणूस आहे, सगळ्या गावाशी भांडणारा, चर्चच्या हिशोबात गडबड आहे म्हणून तपासणी करा असा हट्ट धरणारा, आणि त्याचाच खून होतो, तोही व्हिकरच्या अभ्यासिकेत. आई म्हणाली, "देवळाच्या हिशोबावरून भांडणारा एक प्रत्येक गावात असतोच." मग मिस मार्पल आली, खुनाचं रहस्य उलगडणारी ती हीच. म्हातारी, अविवाहित, व्हिकरेजच्या शेजारीच घर, बागेत खुरपत बसलेली, आणि तिच्या बागेवरून गेल्याशिवाय मागच्या वाटेने कुणाला जाताच येत नाही. पक्षी बघायची दुर्बीणही आहे जवळ. आईने लगेच आमच्या पडवीतून पाखाडी कशी दिसते ते बघितलं आणि म्हणाली, "हं. तिचं बरोबर आहे."

त्या दिवसापासून रोज रात्री दोन प्रकरणं. आत्तापर्यंत पाच पुस्तकं झाली. आई प्रत्येक पात्राला वाडीतलं कुणीतरी लावते आणि त्यावरून खुनी ओळखायचा प्रयत्न करते. पाचात तीनदा बरोबर आलंय तिचं, मी याआधी ही सगळी वाचलेली असून माझं पहिल्या वाचनात एकदाही आलं नव्हतं!

तुमच्यापैकी कोण कोण मार्पलवाले आहेत? कुठलं पुस्तक आवडतं, का आवडतं, भरभरून लिहा. फक्त एकच विनंती, खुनी कोण ते फोडू नका, आईला मी प्रतिसादही वाचून दाखवणार आहे.

---

पेठेतला_वाचक

वा वा, काय सुंदर धागा! आईंना साष्टांग नमस्कार सांगा.

मी पक्का मार्पलवाला. ख्रिस्तीचा दुसरा गुप्तहेर पॉयरो हुशार आहे, पण त्याच्याकडे पाहुणा म्हणून बघावंसं वाटतं, मार्पलबाई घरच्या वाटतात. क्रमाने वाचायचं असेल कुणाला तर सांगतो. ती पहिल्यांदा आली १९२७ च्या डिसेंबरात, 'द ट्यूजडे नाइट क्लब' नावाच्या एका लघुकथेत. मग १९३० साली 'व्हिकरेज', ती पहिली कादंबरी. १९३२ मध्ये 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हा कथासंग्रह. त्यानंतर दहा वर्षं कादंबरीच नाही, थेट १९४२ ला 'द बॉडी इन द लायब्ररी'. एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस कथा, बस एवढंच. पॉयरोच्या मानाने फारच कमी, पण मला वाटतं कमी आहे म्हणूनच चवदार राहिलंय.

'थर्टीन प्रॉब्लेम्स' आईंना नक्की वाचून दाखवा. एका रात्रीत एक कथा होते. सहा जण मंगळवारी जमतात, प्रत्येकाने आपल्याला उत्तर माहीत असलेलं एक कोडं सांगायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. त्यात स्कॉटलंड यार्डचा निवृत्त कमिशनर आहे, वकील आहे, धर्मगुरू आहे, चित्रकार आहे, मार्पलबाईंचा लेखक भाचा रेमंड आहे. आणि कोपऱ्यात खुर्चीत काळा ब्रोकेडचा झगा आणि लेसचे हातमोजे घालून विणत बसलेली मिस मार्पल, जिला सुरुवातीला मोजायचंच विसरतात हे लोक. प्रत्येक वेळी उत्तर तिचंच बरोबर येतं.

---

सुपारीचं_आगर

पेठेतला_वाचक, थर्टीन प्रॉब्लेम्सचाच तर दुसरा नंबर लावला होता! त्यात ती कोलंबीची गोष्ट आहे ना. सगळे जण म्हणतात काहीतरी न सुटलेलं रहस्य सांगा, आणि मार्पलबाई सांगतात की गावातल्या एका बाईंनी सोललेली कोलंबी घेतली, मग दोन दुकानात गेल्या, आणि घरी येऊन बघतात तर कोलंबी गायब. भाचा हसण्यावारी नेतो. आईला मात्र ते मुळीच हसण्यासारखं वाटलं नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विचार करत होती, कोलंबी गेली कुठे. "सोललेली होती ना, म्हणजे महाग पडली असणार. अशी कशी कुणी विसरेल?"

---

ठाणे_स्लो

मी एकच पुस्तक वाचलंय, '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन', आणि ते असं वाचलंय की आयुष्यात विसरणार नाही, कारण कॉलेजला असताना लोकलमध्ये वाचत होतो. मार्पलबाईंच्या मैत्रीण, एल्स्पेथ मॅकगिलिकडी नावाच्या बाई, लंडनहून ख्रिसमसची खरेदी करून गाडीने चालल्यात, शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी त्याच दिशेने येते, दोन्हींचा वेग काही क्षण सारखा होतो, समोरच्या डब्याच्या खिडकीचा पडदा सुर्रकन वर जातो आणि आत एक माणूस बाईचा गळा दाबतोय. मग ती गाडी पुढे निघून जाते. बस. कुणाचाच विश्वास बसत नाही कारण प्रेत सापडतच नाही.

आता मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे किती भिडतं बघा. स्लोमध्ये बसलोय, बाजूने फास्ट येते, एक अर्धा मिनिट दोन्ही गाड्या सोबत धावतात आणि समोरच्या दारात उभ्या माणसाच्या शर्टाचं बटणही दिसतं, आणि मग तो माणूस कायमचा निघून जातो. मी ते प्रकरण मुलुंड ते भांडुप दरम्यान वाचलं आणि मान वर करून बघितलं तर शेजारून खरंच फास्ट चालली होती, अंगावर काटा आला हो.

आणि मला सगळ्यात काय आवडलं माहितीये, मार्पलबाई मैत्रिणीवर विश्वास ठेवतात. "एल्स्पेथने पाहिलं म्हणतेय तर पाहिलंच असणार, ती काही कल्पना करणाऱ्यातली नाही," असा सरळ विचार. मग स्वतः त्याच गाडीने जाऊन बघतात, नकाशे मागवतात, प्रेत फेकायचं तर कुठे फेकता येईल, रुळाला वळण कुठे आहे. जादू काही नाही, टाइमटेबल आणि नकाशा.

---

लाटणं_घेतलेली

४.५० मधली ल्यूसी आयल्सबॅरो कुणीच कशी नाही काढली अजून! ऑक्सफर्डला गणितात पहिल्या वर्गात आलेली मुलगी, आणि ठरवते की प्राध्यापकी करण्यापेक्षा लोकांची घरं सांभाळायची, कारण चांगली घरकाम करणारी माणसं मिळेनाशी झालीत आणि त्यात पैसा आहे. मार्पलबाईंना आता वयामुळे उड्या मारणं जमत नाही म्हणून त्या ल्यूसीला त्या संशयित घरात कामाला पाठवतात. दिवसभर ती स्वयंपाक करते, चांदी घासते आणि मधल्या वेळात गोल्फचा सराव करतेय असं दाखवून बागेत प्रेत शोधते. १९५७ सालचं पुस्तक आहे हे! मला तर ती मार्पलपेक्षाही आवडते.

बाकी 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' मधला 'डिलिशस डेथ' केक मी केलाय. पुस्तकात रेसिपी दिलेली नाही, भरपूर चॉकलेट, लोणी, साखर, मनुका एवढंच कळतं, म्हणून आपल्या अंदाजाने केला. पण त्या केकची खरी गंमत तो कधी केला जातो त्यात आहे. पुस्तक १९५० सालचं, आणि इंग्लंडात रेशनिंग संपलं १९५४ ला. म्हणजे त्या घरात लोणी, साखर, अंडी सगळं मोजून मापून. गावात चोरून देवाणघेवाण चालते, तू मला लोणी दे मी तुला भाजी देते, सगळ्यांना माहीत असतं कुणाच्या घरात कुठल्या दाराने काय ठेवून जायचं. अशा दिवसांत मिट्झी नावाची निर्वासित स्वयंपाकीण साठवलेलं सगळं ओतून वाढदिवसाचा केक करते. माझी आजी रेशनच्या साखरेची दिवाळी सांगायची, त्यामुळे तो केक वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलेलं.

---

तर्कट

धागा छान आहे पण मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मला या सिरीजमध्ये दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे एवढ्याशा गावात एवढे खून? आणि पोलीस एका म्हातारीला तपासात येऊ देतात? दुसरी जास्त महत्त्वाची. घरकामाच्या मुलींबद्दल ज्या पद्धतीने लिहिलंय ते वाचवत नाही. मूर्ख, घाबरट, अ‍ॅडेनॉइड्समुळे, म्हणजे नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे, तोंड उघडं टाकणारी, असं वर्णन पुन्हा पुन्हा येतं. परदेशी माणसं आली की ती एकतर विनोदी नाहीतर संशयित. ज्या मिट्झीच्या केकचं कौतुक चाललंय त्या मिट्झीलाच सगळे जण खोटारडी म्हणून उडवून लावतात, आणि ती बाई युद्धातून घरचे लोक गमावून आलेली आहे. अशा पुस्तकांना 'कोझी', म्हणजे ऊबदार रहस्यकथा म्हणतात, पण कोझी कुणासाठी, हा प्रश्न मला पडतो.

---

पेठेतला_वाचक

तर्कट, पहिल्या मुद्द्याचं सोपं आहे. बारा कादंबऱ्यांपैकी मुख्य मामला सेंट मेरी मीडमध्येच घडतो अशा तीनच आहेत, व्हिकरेज, लायब्ररी आणि 'मिरर क्रॅक्ड'. बाकी बाई पाहुण्या म्हणून जातात, कधी हॉटेलात, कधी शाळेतल्या मैत्रिणीकडे, एकदा तर भाच्याच्या खर्चाने पार वेस्ट इंडीजला. आणि पोलिसांचं म्हणाल तर इन्स्पेक्टर स्लॅक त्यांना मुळीच येऊ देत नाही, पार वैतागतो. दुसरा इन्स्पेक्टर क्रॅडॉक ऐकतो कारण त्याचा गॉडफादर म्हणजेच तो ट्यूजडे क्लबमधला कमिशनर, सर हेन्री. म्हणजे ओळखीने काम होतं, आपल्यासारखंच.

दुसरा मुद्दा मात्र मला मान्य आहे. तो काळ तसा होता एवढं म्हणून सुटत नाही.

---

हॅम्पशायरची_सून

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं शक्यच नाही.

बीबीसीची जोन हिक्सनवाली सिरीज बघितली असेल ना तुम्ही, १९८४ ते १९९२, बाराच्या बारा कादंबऱ्या. त्यात सेंट मेरी मीड म्हणून जे गाव दाखवलंय ते आमच्याकडचं नेदर वॉलप. ओव्हर वॉलप, मिडल वॉलप, नेदर वॉलप अशी तीन गावं आहेत ओळीने, आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतं तसं. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे एक माणूस ओळखीचं नव्हतं, नवरा ऑफिसला गेला की घरात शांतता अशी की कानात आवाज यायचा. तेव्हा लायब्ररीतून या सिरीजच्या डीव्हीडी आणल्या आणि सगळ्या बघून काढल्या, इंग्लिश लोक एकमेकांशी कसे बोलतात, चहाला बोलावलं म्हणजे किती वेळ बसायचं, हे मी त्यातून शिकले खरंच सांगते. नंतर एका रविवारी नेदर वॉलपला गेलो. गवताने शाकारलेली घरं, मधून झुळझुळ ओढा, आणि चर्चच्या आवारात एका थडग्यावर चक्क पिरॅमिड आहे! चर्चच्या आत भिंतीवर अँग्लो-सॅक्सन काळातलं चित्र. एक आजीबाई कुंपणाशी उभ्या होत्या, त्यांनी पाच मिनिटांत माझ्याकडून मी कुठली, नवरा काय करतो, मूल कधी, सगळं काढून घेतलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी एवढ्या चौकशा केल्या होत्या आणि मला इतकं बरं वाटलं की मी गाडीत बसून रडले.

हिक्सनबद्दल एक गोष्ट. १९४६ च्या सुमारास त्या ख्रिस्तीच्याच एका नाटकात काम करत होत्या तेव्हा ख्रिस्तीने त्यांना चिठ्ठी पाठवून लिहिलं होतं की एक दिवस तुम्ही माझी मिस मार्पल करावी अशी आशा आहे. आणि ते खरं व्हायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, हिक्सनबाई तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या आणि ख्रिस्ती जाऊन आठ वर्षं झालेली. त्यांचे डोळे बघा त्या सिरीजमध्ये. समोरचा बोलत असतो आणि या नुसत्या बघत असतात, हलत पण नाहीत.

---

कोलकात्यातली_मराठी

हॅम्पशायरताईंचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं.

आमच्या इकडचं सांगते. 'मिरर क्रॅक्ड' वरून ऋतुपर्ण घोष यांनी २००३ साली 'शुभो महरत' हा बंगाली सिनेमा केला, त्यात मार्पल म्हणजे रांगापिशीमा, आणि ते काम केलंय राखीने. घरात मांजरं, विणकाम नाही पण स्वयंपाकघर, साधी सुती साडी, घराबाहेर फारसं पडणं नाही, भाची वार्ताहर आहे ती बाहेरच्या बातम्या आणते आणि पिशीमा घरात बसून जोडत जाते. राखीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला सहाय्यक अभिनेत्रीचा. मला वाटतं परदेशी गोष्ट आपल्याकडे आणायची तर अशी, खेडं नाही आणलं, माणूस आणला. मला तर ती बघताना माझी आत्या दिसली. आगरताई, आईंचे डोळे बरे झाले की दाखवाच.

---

धाकटी_पाती

मी २२ वर्षांची आहे आणि मला हे सगळं वाचून सुरुवात करायचीये. पण मला भीती वाटते की सगळं फार गोडगोड असेल? म्हणजे कोझी म्हणजे चहा, केक, मांजर असंच ना? कुठून सुरू करू?

---

सुपारीचं_आगर

धाकटी, अगं गोड मुळीच नाहीये! हेच तर मला सांगायचं होतं आणि पहिल्या पोस्टमध्ये राहून गेलं.

आजूबाजूचं सगळं ऊबदार आहे, बाग, चहा, लोकरीचे गुंडे, पण त्या सगळ्याच्या मधोमध बसलेली ही बाई माणसांबद्दल सगळ्यात वाईट तेच गृहीत धरते आणि ते बहुतेक वेळा खरं निघतं. ख्रिस्तीने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की तिची आजी अशी होती, स्वभावाने आनंदी पण प्रत्येकाकडून वाईटाचीच अपेक्षा करणारी, आणि भीती वाटावी इतक्या वेळा तिचं बरोबर यायचं. व्हिकरेजमध्ये व्हिकरची तरुण बायको ग्रिसेल्डा तर सरळ म्हणते की गावातली सगळ्यात डेंजर मांजर, म्हणजे कुचाळक्या करणारी बाई, ही मार्पलच. आणि रेमंड म्हणतो की तुमचं गाव म्हणजे साचलेलं डबकं, तर बाई त्याला शांतपणे सांगतात की डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघ, त्याच्याइतकं जिवंत काहीच नसतं.

आईला मी हे सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "आम्ही कुणाकडे बघितलं की तुम्ही मुलं म्हणता नसत्या चौकशा करू नको. पण कोण कुठे जातंय, कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, कुणाची सून माहेरून आल्यापासून बोलत नाही, हे बघायचं नाही तर करायचं काय?" आणि मला आठवलं, आमच्या खालच्या आळीत एक काकू एकट्या राहायच्या, त्या पडल्या तेव्हा पहिल्यांदा आईलाच कळलं होतं, कारण सकाळी त्यांच्या पडवीतला दिवा चालूच राहिला होता. मी तेव्हा पुण्यात होते आणि फोनवर हे ऐकून मी म्हटलं होतं, तू काय सगळ्यांचे दिवे मोजतेस का. आज ते वाक्य आठवून फार वाईट वाटतं. मार्पलबाई तेच करतात, दिवे मोजतात. कर्नलच्या खुनानंतर पोलिसांच्या हाती काही धड नसतं आणि बाई म्हणतात, माझ्या डोळ्यासमोर निदान सात जण आहेत.

आणि तिची पद्धत. तिच्यासमोर कुणी लखपती येवो नाहीतर सिनेमातली नटी, ती म्हणते याला बघून मला आमच्याकडच्या मासेवाल्याचा पोरगा आठवतो. सगळे म्हणतात आजी भरकटली. पण ती म्हणतेय ते असं की माणसाचे नमुने फार थोडे आहेत आणि ते सगळे एका गावात बघायला मिळतात, फक्त नीट बघावं लागतं. आई तर पहिल्या दिवसापासून न सांगता हेच करतेय.

सुरुवात 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' पासून कर. गावच्या पेपरात जाहिरात येते, शुक्रवार २९ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहा, लिटल पॅडॉक्स या घरी खून होईल, स्नेह्यांनी हेच आमंत्रण समजावं. आणि अख्खं गाव काहीतरी कारण काढून वेळेवर तिथे हजर! ते पहिलं प्रकरण वाच, घराघरात पेपर वाचला जातोय ते, आणि मग मला सांग थांबता येतं का.

---

लाटणं_घेतलेली

+१ अनाउन्स्ड. त्यातलं मार्पलचं ते बोलणंही फार आवडतं, की पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोण आहे हे सगळ्यांना माहीत असायचं, नवीन कुणी आलं तर ओळखीचं पत्र घेऊन यायचं, आणि आता युद्धानंतर लोक येतात, घर घेतात आणि ते स्वतःबद्दल जे सांगतील तेवढंच आपल्याला माहीत. ओळखपत्रावर फोटोसुद्धा नसतो. आमच्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण आलं हे मला नेमप्लेटवरून कळतं, त्यामुळे ते वाचताना थांबलेच होते.

---

ठाणे_स्लो

मिरर क्रॅक्ड मागवलं आत्ताच, धाग्यामुळे. त्यात गाव बदलतं म्हणतात ते खरं का?

---

पेठेतला_वाचक

खरं. १९६२ चं पुस्तक. टोपल्या विकणाऱ्याच्या दुकानाच्या जागी चकचकीत सुपरमार्केट आलंय, गावाबाहेर नवीन कॉलनी झालीये, तिला सगळे 'डेव्हलपमेंट' म्हणतात. बाई आता खूप थकल्यात, बागकाम डॉक्टरांनी बंद केलंय, आणि सोबतीला ठेवलेली मिस नाइट त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. माझ्या आईला शेवटच्या काळात आम्ही केअरटेकर ठेवली होती, तीही असंच बोलायची, "आज आपण छान जेवलो ना", आणि आईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला या पुस्तकात पानोपानी दिसलं. बाई एक दिवस मिस नाइटला काहीतरी कामं सांगून बाहेर पाठवतात आणि एकट्या चालत डेव्हलपमेंट बघायला जातात. सगळे नाकं मुरडतात त्या नव्या वस्तीला, या मात्र जाऊन बघतात आणि त्यांना कळतं की घरं नवी आहेत, माणसं तीच आहेत. खून नंतर होतो. मला तो फेरफटकाच जास्त लक्षात आहे.

---

तर्कट

आगरताई, तुमची दिव्याची गोष्ट वाचली, मनाला लागली. पण माझा प्रश्न तसाच आहे. कामाच्या मुलींचं काय?

---

सुपारीचं_आगर

तर्कट, तुमचा पहिला प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला होता आणि त्यामुळे पुढचं पुस्तक मुद्दाम 'अ पॉकेट फुल ऑफ राय' घेतलं. १९५३ चं. म्हणून उत्तर द्यायला आठ दिवस लागले.

त्यात ग्लॅडिस नावाची मुलगी आहे. अनाथाश्रमातून आलेली, मार्पलबाईंनी तिला घरकाम शिकवलेलं, वाढायचं कसं, चांदी घासायची कशी. मग ती दुसरीकडे नोकरीला जाते. तुम्ही म्हणता तसंच वर्णन आहे तिचं, अ‍ॅडेनॉइड्स वगैरे सगळं. श्रीमंत घरात खून होतात आणि त्यात हिचाही होतो, आणि मारणाऱ्याने तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवलेला असतो. मार्पलबाई पेपरात वाचतात आणि गाडी पकडून थेट त्या घरी येतात. कुणी बोलावलेलं नसतं. घरच्यांना धनी आणि धनीणबाईंची पडलीये, ही एकटी त्या मुलीसाठी आलीये. त्या चिमट्याने त्यांना जो राग आलाय ना, कुणीतरी मेलेल्या मुलीची अशी थट्टा केली याचा, तो पुस्तकभर जात नाही. वर्णनाचं जे तुम्ही म्हणता ते मला पटतं, ते खुपतंच. पण अख्ख्या घरात तिची दखल घेणारीही तीच एक आहे.

मी त्या प्रकरणापर्यंत आले आणि आई म्हणाली आज इथेच थांब. दिवा बंद करायला सांगितला. अंधारात मग एका मुलीबद्दल बोलायला लागली. मी, म्हणजे तिची लेक, लहान असताना ती मुलगी आमच्याकडे कामाला होती, आईने तिला भाकरी थापायला, निवडायला, सगळं शिकवलं होतं, मला अंधुक आठवते ती, तिच्या परकराचा रंग आठवतो. ती १६-१७ वर्षांची झाल्यावर मुंबईला एका घरी कामाला लागली. "पोचल्याचं पत्र आलं आणि मग मी कधी विचारलंच नाही," आई म्हणाली. "सगळ्या वाडीची खबर ठेवते मी, आणि तिची नाही ठेवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तिने मला कामाला लावलं. त्या मुलीच्या माहेरच्या वाडीत फोन, तिथून तिच्या भावाच्या मुलाचा नंबर, तो गुहागरला, त्याच्याकडून आणखी एक, असं करत चौथ्या दिवशी नंबर मिळाला. ठाण्याजवळच्या दिवा गावात राहते ती. दोन मुलं, एक नातू, गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. आईने हातात फोन धरला आणि पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं तिचं, तर पलीकडून लगेच "वैनी?" म्हणून आवाज आला. पन्नास मिनिटं बोलल्या. गणपतीला येते म्हणालीये.

काल रात्री जेवणं झाल्यावर आई पडवीत येऊन बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "हं, वाच आता पुढे. मला वाटतं मला कळलंय कुणी केलं ते, पण सांगत नाही."

---

धाकटी_पाती

मी अनाउन्स्ड काल रात्री सुरू केलं आणि पहाटे तीनला संपवलं. आगरताई, आईंना विचारून सांगा ना, त्यांना 'राय'चं बरोबर आलं का?

---

सुपारीचं_आगर

आलं! आणि कशावरून ओळखलंस म्हटलं तर म्हणते, आपल्या मावशीच्या नणंदेचा धाकटा मुलगा आठवतोय का तुला.